रॉयल कॅनाल : एका हरलेल्या कालव्याचे पुनरुज्जीवन

नद्यांचे इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. कालव्याचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. नदी देवाने दिलेली, कालवा माणसाने खणलेला. नदीकाठी तीर्थे उभी राहतात, कालव्याच्या काठी गोदामे. व्यापार संपला की गोदामे ओस पडतात, पाण्यात गाळ साचतो आणि दोन पिढ्यांनंतर तेथे एकेकाळी बोटी चालत होत्या हे सांगूनही कोणाला पटत नाही. आयर्लंडमधील रॉयल कॅनालच्या वाट्याला नेमके हेच आले होते. परंतु तो कालवा आज पुन्हा पाण्याने भरलेला आहे, त्यातून बोटी चालतात आणि त्याच्या काठाने दूरदूरचे लोक पायी जातात. ज्या धंद्यासाठी तो खणला गेला त्या धंद्यात तो कधीच यशस्वी झाला नव्हता. मग असा कालवा लोकांनी एवढ्या कष्टाने परत का मिळवला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम या कालव्याची ओळख करून घेऊ. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर राजधानी डब्लिन आहे. देशाच्या मध्यभागातून उत्तर-दक्षिण वाहणारी शॅनन ही तेथील सर्वांत मोठी नदी. डब्लिन बंदर आणि शॅनन यांना जलमार्गाने जोडावे ही कल्पना अठराव्या शतकात पुढे आली. त्या काळी रस्ते खराब होते. चिखलातून बैलगाडी वा घोडागाडी जेवढा माल ओढू शकेल त्याच्या कितीतरी पट माल एकच घोडा पाण्यावरील पडावातून ओढू शकत असे. या कल्पनेतून १७५६ च्या सुमारास ग्रँड कॅनाल या पहिल्या कालव्याचे काम सुरू झाले. तो डब्लिनच्या दक्षिण बाजूने निघून पश्चिमेकडे गेला.

रॉयल कॅनाल हा त्याचा प्रतिस्पर्धी. त्याच्या जन्माविषयी एक आख्यायिका सांगतात. ग्रँड कॅनालच्या संचालक मंडळातील एका गृहस्थाचा सहकाऱ्यांनी अपमान केला. तो रागाने उठला आणि ‘तुमचा धंदा बुडवणारा दुसरा कालवा मी बांधून दाखवीन’ अशी प्रतिज्ञा करून बाहेर पडला. आख्यायिकेत खरे किती आणि रंगवलेले किती, हा भाग सोडून देऊ. पण १७९० साली डब्लिनच्या उत्तर बाजूने दुसऱ्या कालव्याचे काम सुरू झाले हे खरे. तोही शॅननलाच जाऊन मिळणार होता. एकाच शहरातून निघून एकाच नदीला मिळणारे, जवळजवळ समांतर असे दोन कालवे! एका घराला पुरेल एवढ्या भाकरीवर दोन चुली मांडाव्यात, तसा हा प्रकार होता.

कामाला आरंभापासून अडचणींनी घेरले. मेनूथजवळील कार्टन येथे लिन्स्टरच्या ड्यूकचा वाडा होता. ड्यूकने कालव्याच्या कंपनीत पैसे गुंतवले होते आणि कालवा आपल्या मेनूथ गावावरून गेला पाहिजे असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी मार्ग वळवावा लागला. लेक्सलिपजवळ राय नदीच्या खोल दरीवर मातीचा प्रचंड भराव घालून जलसेतू बांधावा लागला. खालून नदी आणि वरून कालवा अशी ती रचना पुरी व्हायला कित्येक वर्षे लागली. डब्लिनजवळ क्लॉनसिलाच्या बाजूला तर सलग खडक लागला. सुरुंग लावून तो फोडीत कालवा पुढे न्यावा लागला. तेथे पाणी एका अरुंद घळीतून जाते आणि घोड्यांची पायवाट पाण्यापासून काही ठिकाणी तीस फूट उंचीवर राहते. ‘डीप सिंकिंग’ या नावाने ही जागा ओळखली जाते. या दोन कामांनीच कंपनीची तिजोरी मोकळी केली.

कालवा १७९६ साली किलकॉकपर्यंत पोहोचला. मलिंगारपर्यंत पोहोचायला १८०६ साल उजाडले. पुढे कंपनी कर्जात बुडाली, १८१३ साली ती मोडीत निघाली आणि शॅननपर्यंतचा उरलेला भाग सरकारी पैशाने १८१७ साली पुरा झाला. एकूण खर्च चौदा लाख पौंडांच्या घरात गेला होता. लांबी सुमारे १४६ किलोमीटर, आणि मुख्य मार्गावर ४६ लॉक.

लॉक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कालव्याचे पाणी नदीसारखे उतारावरून धावत नाही. ते टप्प्याटप्प्याने स्थिर उभे असते. जमीन चढू लागली की दोन्ही टोकांना भक्कम लाकडी दरवाजे असलेली दगडी हौदासारखी खोली बांधतात. बोट खालच्या दरवाजातून आत घेतात, तो दरवाजा लावतात आणि वरच्या टप्प्यातील पाणी हळूहळू आत सोडतात. पाण्याबरोबर बोट वर येते. मग वरचा दरवाजा उघडून ती पुढे जाते. उतरताना हाच क्रम उलटा. यात यंत्र नाही, वाफ नाही. पाण्याचा भार आणि माणसाच्या पाठीचा रेटा एवढ्यावर टनावारी ओझे डोंगर चढते. मात्र प्रत्येक वेळी एक हौदभर पाणी खालच्या टप्प्यात निघून जाते. म्हणून सर्वांत उंच टप्प्याला सतत पाणी पुरवावे लागते. रॉयल कॅनालला ते मलिंगारजवळच्या लॉख ओवेल या सरोवरातून एका पाटाने मिळते. लॉकबरोबरच बॉइन आणि इनी या नद्यांवरून कालवा नेणारे दगडी जलसेतू, कमानीचे पूल, लॉक सांभाळणाऱ्यांची बसकी घरे आणि मॉयव्हॅली येथे उतारूंसाठी बांधलेले हॉटेल अशी या मार्गावरची लेणी होती. ज्यांनी ही कामे केली ते गवंडी आणि बेलदार इतिहासात नावाने उरलेले नाहीत. त्यांचे दगड उरले आहेत.

१८३० नंतरच्या काही वर्षांत कालव्याला बरे दिवस आले. वर्षाला सुमारे ८० हजार टन माल आणि ४० हजार उतारू त्यावरून जात. शॅननकडून धान्य, बटाटे आणि दलदलीतून कापून वाळवलेले ‘टर्फ’ नावाचे जळण डब्लिनला येई. डब्लिनहून कोळसा, खत आणि किराणा आत जाई. तरीही एवढी वाहतूक मूळ खर्च भरून काढण्यास पुरेशी नव्हती. ग्रँड कॅनालचा व्यापार कायमच याहून मोठा राहिला.

व्यापाराच्या या हिशेबात न मावणाऱ्या गोष्टी मात्र याच काठावर घडत होत्या. १८४३ ते १८४७ या चार-पाच वर्षांत या पायवाटेने जे पाहिले ते अनेक राजरस्त्यांनी शतकांत पाहिले नसेल.

१६ ऑक्टोबर १८४३ रोजी सर विल्यम रोवन हॅमिल्टन हे गणिती पत्नीसह या काठाने डब्लिनकडे चालत निघाले होते. ते डनसिंक वेधशाळेत राहत आणि रॉयल आयरिश अकादमीच्या सभेसाठी त्यांना शहरात जायचे होते. त्रिमिती अवकाशातील गणनेसाठी नव्या प्रकारच्या संख्या शोधण्याचे कोडे अनेक वर्षे त्यांच्या डोक्यात घोळत होते. काब्रा येथील ब्रूम पुलाजवळ त्यांना उत्तर एकदम सुचले. ते विसरू नये, किंबहुना आनंद आवरला नाही म्हणून, त्यांनी खिशातील चाकूने ते सूत्र पुलाच्या दगडावर कोरले. याच ‘क्वाटर्निअन’ संख्या. अवकाशयानाची दिशा ठरवताना आणि संगणकाच्या पडद्यावरील आकृती फिरवताना आज त्यांचा उपयोग होतो. मूळ कोरीव अक्षरे पावसाने पुसली; १९५८ साली तेथे स्मृतिशिला बसवण्यात आली. एमॉन डी व्हॅलेरा यांनी तिचे अनावरण केले. ते राजकारणात येण्यापूर्वी गणिताचे अध्यापक होते.

या घटनेनंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८४५ मध्ये, ‘लाँगफर्ड’ नावाची उतारूंची बोट ‘डीप सिंकिंग’च्या अरुंद घळीत खडकाळ काठाला थडकून कलंडली आणि पंधरा-सोळा माणसे बुडाली. त्याच वर्षी मिडलँड ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीने सगळा कालवा सुमारे तीन लाख पौंडांना विकत घेतला. तिला पाण्याशी कर्तव्य नव्हते. लोहमार्गासाठी काठाची सपाट जमीन हवी होती. चौदा लाखांचा कालवा तीन लाखांना गेला आणि त्याच्या कडेने रूळ पडले. आजही डब्लिनहून स्लायगोकडे जाणारी आगगाडी मैलोगणती या पाण्याला लागून धावते.

आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यापूर्वी बटाट्यावर करपा पडला.

आयर्लंडचा महादुष्काळ हा त्या देशाच्या मनावरचा कधीही न बुजलेला घाव आहे. १८४१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. गोरगरीब कुळे बहुतांशी बटाट्यावर जगत. धान्य पिकवीत ते जमीनदाराचा खंड भरण्यासाठी. पीक पुन:पुन्हा नासले. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली आणि तेवढ्यांहून अधिक देश सोडून गेली. यातील बहुसंख्य कॅथोलिक होती. या हाकेला फार दूरवरून उत्तर आले, तेही आपल्या देशातून: १८४६ मध्येच कलकत्त्यात मदतनिधी उभारला गेला आणि त्यात सुमारे १४ हजार पौंड जमले. देणाऱ्यांत इंग्रजी फौजेतील आयरिश शिपाई होते, तसेच हिंदुस्थानी दातेही होते.

रॉसकॉमन परगण्यात शॅननच्या पलीकडे स्ट्रोक्सटाउन नावाची जहागीर होती. मेजर डेनिस मॅहन हा तिचा मालक. खंड थकलेल्या कुळांना गरीबखान्यात पोसण्यापेक्षा जहाजाचे भाडे भरून कॅनडाला पाठवणे स्वस्त पडेल, असा हिशेब त्याच्या कारभाऱ्याने मांडून दाखवला. मे १८४७ मध्ये १,४९० माणसे गावातून निघाली. त्यांत म्हातारे होते, कडेवरची मुले होती. सगळी जहाजावर चढतात की नाही हे पाहण्यासाठी जहागिरीचा माणूस बरोबर दिला होता. रॉयल कॅनालच्या काठाने, घोड्यांसाठी बांधलेल्या पायवाटेवरून, ती माणसे कित्येक दिवस चालत डब्लिनला पोहोचली. त्या वर्षांत देशातून धान्याची निर्यात थांबलेली नव्हती. भुकेली माणसे ज्या काठाने चालत होती, त्याच पाण्यातून शेतमाल बंदराकडे जात होता. अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा हे एकच दृश्य त्या दुष्काळाचा अर्थ अधिक स्पष्ट सांगते, असे आम्हांला वाटते.

डब्लिनहून लिव्हरपूल आणि तेथून चार जहाजांनी क्वेबेक. त्यांपैकी ‘व्हर्जिनियस’ या जहाजावर ४७६ उतारू होते. वाटेतच १५८ जण मेले. सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल बेटावर जहाजे अडवून आजाऱ्यांना वेगळे ठेवीत. तेथेही मृत्यूने पाठ सोडली नाही. स्ट्रोक्सटाउनहून निघालेल्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे नव्या जगात पाय रोवण्याआधीच गेली. त्या बेटावर आजाऱ्यांची सेवा करताना कॅथोलिक धर्मगुरूंना आणि इतर पंथांच्या पाळकांनाही तापाने गाठले व त्यांतील काही दगावले. मागे राहिलेल्या अनाथ मुलांना क्वेबेकमधील फ्रेंच भाषक कॅथोलिक कुटुंबांनी पदरात घेतले आणि त्यांतील अनेकांनी मुलांची आयरिश आडनावे तशीच राहू दिली. बारा वर्षांचा डॅनिअल टाय आणि त्याची धाकटी बहीण कॅथरिन ही भावंडे अशीच एका शेतकरी घरी वाढली. पुढे ते शेत डॅनिअललाच मिळाले आणि टाय हे नाव त्या गावात रुजले. भाषा वेगळी, देश वेगळा. तरी भुकेल्या लेकराला घरात घेताना त्या माणसांनी दोन्ही गोष्टी आड येऊ दिल्या नाहीत.

इकडे मेजर मॅहन याची नोव्हेंबर १८४७ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. जहागिरीची कागदपत्रे मात्र वाड्यात पडून राहिली. १९७९ साली त्या वाड्याचा ताबा बदलला, तेव्हा ती उजेडात आली. त्यांच्या आधारे १९९४ मध्ये तेथे राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय उघडण्यात आले.

कालव्याचे पुढे काय झाले? रेल्वेने त्याला मारले नाही, पण जगू दिले असेही म्हणता येत नाही. वाहतूक दर दशकाला घटत गेली. डब्लिनमधील ब्रॉडस्टोन फाटा १९२७ साली बुजवला गेला. १९५१ च्या सुमारास माल वाहणारा शेवटचा पडाववाला निवृत्त झाला. अखेर १९६१ मध्ये कालवा नौकानयनास अधिकृतपणे बंद झाला. मलिंगारच्या पश्चिमेचे पाणी आटले. कोरड्या पात्रात झुडपे आणि गुरे आली. काही ठिकाणी जुने कमानी पूल काढून रस्ते इतके खाली आणले की त्यांखालून बोट जाणे अशक्य झाले. शहरात लोक त्यात केरकचरा टाकू लागले. सत्तरीच्या दशकारंभी तर डब्लिनमधील पात्र बुजवून त्यावरून मोटाररस्ता न्यावा अशी योजना पुढे आली.

त्या योजनेला विरोध म्हणून जे लोक एकत्र आले त्यांतून १९७४ साली ‘रॉयल कॅनाल अमेनिटी ग्रुप’ ही संस्था निघाली. तिच्याकडे पैसा नव्हता आणि अधिकार तर मुळीच नव्हता. सुट्टीच्या दिवशी घमेली, फावडी आणि गमबूट घेऊन पाण्यात उतरणारी माणसे हेच तिचे भांडवल. गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतला पट्टा साफ करायचा, आपला धक्का गाळातून वर काढायचा, आपल्या लॉकचे दरवाजे नवे करून घ्यायचे, असे काम वाटले गेले. किलकॉकच्या लोकांनी आपला धक्का पुन्हा पाण्याने भरून दाखवला, तेव्हा शेजारच्या गावांनाही उमेद आली. बेरोजगारांसाठीच्या सरकारी योजनांतून मजूर मिळू लागले. १९८६ साली कालवा वाहतूक महामंडळाकडून सार्वजनिक बांधकाम कार्यालयाकडे आला आणि सरकारी पाठबळ वाढले. १९९० पर्यंत डब्लिनच्या वेशीपासून मलिंगारपर्यंतचा मार्ग मोकळा झाला. १९९८ च्या शांतता करारानंतर उत्तर आणि दक्षिण आयर्लंडची मिळून ‘वॉटरवेज आयर्लंड’ ही संस्था स्थापन झाली आणि पश्चिमेकडचा उरलेला, सर्वांत अवघड भाग तिने हाती घेतला. बुटके पूल पाडून नवे उंच पूल बांधले गेले. १ ऑक्टोबर २०१० रोजी क्लूनडारा येथे, जेथे कालवा शॅनन नदीला मिळतो तेथे, सगळा मुख्य मार्ग बोटींना पुन्हा खुला झाला. पहिल्या फावड्यापासून या दिवसापर्यंत छत्तीस वर्षे लोटली होती. मूळ कालवा खणायला लागलेल्या वर्षांहून हा काळ अधिक आहे.

अपुरे राहिलेले बरेच आहे. लाँगफर्ड गावाकडे जाणारा फाटा कोरडाच आहे. लॉख ओवेलच्या पाण्यावर मलिंगारच्या पिण्याच्या पाण्याचाही हक्क आहे. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात कालव्याला ओढ बसते. व्यापार तर परत येणारच नव्हता. आज तेथून जातात त्या हौसेच्या बोटी. दरवर्षी ऑक्टोबरात हॅमिल्टनच्या स्मरणार्थ गणिताचे विद्यार्थी आणि अध्यापक डनसिंकहून ब्रूम पुलापर्यंत चालत जातात. मेनूथच्या गणित विभागाने १९९० मध्ये ही प्रथा सुरू केली. ज्या मेनूथसाठी ड्यूकने कालव्याला वाकडी वाट घ्यायला लावली, त्या गावी १७९५ साली सेंट पॅट्रिक्स कॉलेज ही कॅथोलिक सेमिनरी स्थापन झाली आणि तिने पुढे देशोदेशी धर्मगुरू पाठवले. ड्यूकच्या हट्टाला असेही फळ आले म्हणायचे.

आणि २०२० मध्ये स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन अशी १६५ किलोमीटरांची ‘राष्ट्रीय दुष्काळ वाट’ रीतसर खुली झाली. तिचा बहुतेक भाग रॉयल कॅनालच्या काठाने जातो. वाटेत ठिकठिकाणी काशाचे, लहान मुलांच्या जोड्यांएवढे बूट बसवले आहेत. एका जुन्या झोपडीच्या छपरात एकत्र बांधून ठेवलेले एकोणिसाव्या शतकातील लहान मुलाचे बूट सापडले होते. त्यांवरून हे बनवले. वाट संपते ती लिफी नदीच्या धक्क्यावर. तेथे जवळच रोवन गिलेस्पी यांनी घडवलेली भुकेल्या स्थलांतरितांची शिल्पे १९९७ पासून उभी आहेत.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळू. हा कालवा परत का मिळवला? १९७४ साली पाण्यात उतरलेल्या माणसांसमोर दुष्काळाच्या वाटेचा आराखडा नव्हता. त्यांना गावातले स्वच्छ पाणी हवे होते, मुलांना खेळायला काठ हवा होता, आपल्या दारातून मोटाररस्ता जाऊ नये असे वाटत होते. त्या साध्या गरजांसाठी त्यांनी काठ वाचवला. म्हणूनच पुढच्या पिढीला त्यावर आपल्या पूर्वजांचा माग शोधता आला. पात्र बुजले असते तर १,४९० हा आकडा पुस्तकात राहिला असता, पण ती माणसे कोठून कशी गेली हे कोणालाही आपल्या पायांनी चालून पाहता आले नसते. स्मरणालाही जागा लागते. ती एकदा सिमेंटखाली गेली की कितीही पश्चात्तापाने परत येत नाही.

जमाखर्चाच्या वहीत रॉयल कॅनालची बाजू कधीच जुळली नाही. कंपनी बुडाली, रेल्वेने त्याला निम्म्याहून कमी किमतीत घेतले, सरकारने त्याला बंद केले. प्रत्येकाने आपापल्या काळात योग्य हिशेब केला असेल. परंतु कुळांना पोसण्यापेक्षा हाकलणे स्वस्त पडते, हाही एक अचूक हिशेबच होता. ज्या गोष्टींचा उपयोग संपला त्या टाकून द्याव्यात, असा सल्ला जेव्हा आपल्याला मिळेल, तेव्हा उपयोग कोणाचा आणि हिशेब कोणी मांडला, एवढे तरी विचारून घ्यावे, हे या कालव्याने आम्हांला शिकवले.